तेवढं सांगत नाहीत

तिसऱ्यांदा गर्भ गेला तेव्हा अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला मुंबईला धाडले. दोष गुणसूत्रांत असावा, म्हणाल्या. प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचे, तपासायचे आणि निरोगी निघेल तो पोटात ठेवायचा. बायकोची प्रकृती पाहता हा प्रयत्न एकदाच करता येईल, हे मुंबईच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकले.

मांडव्याहून बोटीने जायचो. बाहेर कुणाला सांगायचे नाही असे ठरले होते, त्यामुळे लवकरच सगळ्या आळीला कळले. कळताना त्यात एक दुरुस्ती झाली: आम्ही मुलगा निवडून आणायला जातो आहोत. वाण्याच्या दुकानात एका गृहस्थांनी जवळ सरकून विचारले, "खात्री देतात का हो?"

"रंगसुद्धा निवडता येतो," मी म्हटले. त्यांनी मान डोलावली. थट्टा त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

घरात आत्या होती, वडिलांची बहीण, तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली. चार गर्भ तयार झाले आणि तपासणीला गेले हे कळल्यापासून तिचा एकच प्रश्न असे. "काय गं, मुलगे आहेत की मुली?"

"तेवढं सांगत नाहीत, आत्या. कायदा आहे." एकदा बायको वैतागली. "आणि मला काय करायचंय ते? जिवंत मूल हवंय मला."

"ते झालंच. मी आपलं विचारलं."

मुंबईच्या दवाखान्यात संगमरवरी कारंजे होते आणि भिंतभर गुटगुटीत बाळांचे फोटो, त्यांतली निम्मी निळ्या डोळ्यांची. डॉक्टरांच्या पाठीमागे मानचिन्हांचे कपाट. "आपण निसर्गाला फक्त थोडी मदत करतोय," ते म्हणत. निसर्गाने मदत मागितल्याचे मला आठवत नव्हते. शेजारी कायद्याने लावावी लागते ती पाटी होती: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. त्या इमारतीत एवढे एकच वाक्य साधे होते.

अहवाल आला त्या दिवशी डॉक्टरही साधे बोलले. चारही गर्भांत दोष होता. ठेवण्याजोगा एकही नव्हता.

बायको त्या पाटीकडे बघत बसली. मग म्हणाली, "आता ठेवायचे नाहीतच ना? मग सांगा. मुलगे होते की मुली?"

"सॉरी मॅडम. तरीही नाही सांगता येत."

"मी आता कुणाला निवडणार आहे?"

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. कायदा योग्यच होता. तो कशासाठी लागतो हे मी वाण्याच्या दुकानात ऐकून आलो होतो.

परतताना ती बोटीत खाली बसून राहिली. वर लोक पक्ष्यांना वेफर्स भरवत फोटो काढत होते.

घरी आत्या ओटीवर मोड आलेले वाल सोलत होती. बायकोने चपला काढल्या आणि म्हणाली, "एकही नाही, आत्या."

आत्याचे हात थांबले. मग तिने तेच विचारले, "मुलगे होते की मुली?" मी काहीतरी कडू बोलणार होतो, पण बायकोच आधी बोलली.

"नाही सांगितलं. आज मीसुद्धा विचारलं."

आत्याने पुन्हा वाल उचलला. "माझी मुलगी होती," ती म्हणाली. "पहिलं बाळंतपण, माहेरचं, ह्याच घरात. गेलेलीच आली. मला दाखवत नव्हते. मी सुईणीच्या हातातून ओढून घेतली आणि पाहिली."

मी त्याच घरात वाढलो होतो. मला हे कुणी कधी सांगितले नव्हते.

"तुला तेवढंही नाही मिळालं गं," आत्या म्हणाली.

बायको तिच्याजवळ खाली बसली. "कुठे ठेवलीत तिला?"

आत्याने हनुवटीने मागची पोफळीची वाडी दाखवली. "विहिरीच्या पलीकडे. तिथं काही लावू दिलं नाही मी."

बराच वेळ दोघी तिकडे बघत होत्या. वाल निम्मे सोलायचे होते. बायकोने ताट आपल्याकडे ओढले.