झोपेची गोळी नव्हती ती

मैत्रिणींनो, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सकाळीसकाळीच लिहितेय.

माझ्या आठ वर्षांच्या लेकीचं लक्ष एका जागी ठरत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी गोळी दिलीय. रोज सकाळी एकच. दुपारनंतर दिली तर झोप उडते.

काल मी शहापुरातल्या दुकानात साड्या पोचवायला गेलते. घरी पोरगी साडी विणायच्या मागाभोवती धिंगाणा घालत होती. चार वाजता सासूबाईंनी तिला आणखी एक गोळी दिली.

"अगं, तूच म्हनालतीस न्हवं, शांत झोपायची गोळी हाय म्हनून!"

व्हय, मीच म्हणालते. माझ्या पोरीला कुणी वेडी म्हणू नये, म्हणून खोटं सांगितलं होतं.

पहाटेपर्यंत पोरगी छताकडं बघत पडून होती. "आई, झोप कशी लागती, सांग की." मी तिला थोपटत राहिले.

डॉक्टर फोनवर म्हणाले, आजची गोळी देऊ नका. ते ऐकल्यापासून सासूबाई उंबऱ्यात बसून रडतायत. "माझ्या हातानं झालं गं." गोळी खरं कशाची, हे त्यांना अजून माहीत नाही.

तुमच्याही मुलांना अशी गोळी आहे, तुम्ही घरी खरं कसं सांगितलंत? मला आत्ता सांगायचंय, आणि तोंड उघडत नाही.