काट्याखालचा अंगठा

मी परदेशी मिशनरी होते, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या दप्तरात आजही लिहिलेलं आहे. परदेश म्हणजे म्हैसूर.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मंडळीने तीन पिढ्या गोऱ्या मिशनऱ्यांकडून सगळं घेतलं होतं. शाळा, दवाखाना, जुने कोट, दुधाची पावडर. भाषावार राज्यं झाली आणि काही वर्षांनी आमच्या पंचांच्या अंगात एकदम स्वाभिमान संचारला. आता आपणही आपला एक मिशनरी परदेशी पाठवायचा, असं ठरलं. आफ्रिकेच्या बोटीचं भाडं विचारून झालं, आणि मग एका पंचाने मुद्दा काढला की म्हैसूरचं राज्य वेगळं, भाषा वेगळी, शिवाय तिथे राजासुद्धा होता, म्हणजे तो परदेशच की. सगळ्यांना पटलं. नर्सिंग अर्धवट सोडलेली, लग्न न ठरलेली आणि तोंडाने फटकळ अशी गावात मी एकटीच मोकळी होते. मला हार घातला आणि अंधारातल्या लोकांना उजेड दाखवायला पाठवून दिलं.

म्हैसूरला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. रस्त्यारस्त्यावर विजेचे दिवे. आमच्या गावात तेव्हा कंदील होते. हे मी पहिल्या पत्रात कळवलं नाही.

नजरबादच्या अलीकडच्या एका गल्लीत आमचं बालगृह होतं. खेड्यापाड्यांतून सुकलेली, पोट पुढे आलेली, हातापायांच्या काड्या झालेली पोरं तिथे आणायचे. तीस खाटा. चालवणाऱ्या मोठ्या मिसबाई खऱ्याखुऱ्या परदेशी होत्या, कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या. वीस वर्षं म्हैसुरात काढलेल्या, सायकलवर बाजारहाट करणाऱ्या, आणि कानडी अशी बोलायच्या की भाजीवाल्या त्यांच्याशी घासाघीस करायला घाबरत. मला कानडी येत नव्हतं. मग जिला उजेड दाखवायला पाठवलं होतं तीच पहिले चार महिने दोन वर्षांच्या पोरांकडून पाणी, भात, शी असे शब्द शिकत बसली.

माझी सोय झाली ती स्वयंपाकघरात. तिथे एक विधवा मराठीण होती. तिचे पूर्वज राजाच्या फौजेत होते, असं ती पहिल्या पाच मिनिटांत सांगायची. मी तिला मावशी म्हणायची. पहिल्याच दिवशी मी मराठीत बोलल्यावर तिने पळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तू आमचंच बोलतीस की," ती म्हणाली. "पण हळू बोल बाई. तुझं मराठी पुस्तकातलं, अर्थच होत नाही. बस, ऊट झालं का तुझं? जेव आधी. सुम्ने नुसती उभी राहू नको."

बालगृहाचा सगळा कारभार एका काट्यावर चालायचा. हा काटा एका गुळाच्या व्यापाऱ्याने दान दिला होता. लोखंडी फळी, पुढे उभा दांडा, त्यावर सरकणारं वजन. इतकी वर्षं गूळ जोखून त्याच्या फटीफटीत गूळ बसला होता. त्यामुळे त्याला कायम मुंग्या असत आणि लहान पोरं संधी मिळाली की फळी चाटत. दर शनिवारी सकाळी सगळ्यांचं वजन व्हायचं. प्रत्येकाचं एक कार्ड, कार्डावर वयाप्रमाणे एक तांबडी रेघ. ओळीने तीन शनिवार पोर रेघेच्या वर राहिलं की ते बरं झालं. मग त्याला नवा सदरा किंवा झगा, दुधाच्या पावडरचा डबा आणि सोमवारी गाडीने घरी. त्याच दुपारी त्या खाटेवर दुसरं. नियम साधा होता आणि बरोबर होता. खाटा तीस आणि दाराबाहेरची यादी संपत नव्हती.

आता जिथे नियम आला तिथे पोरंही शहाणी होतात. ज्यांना घरची आठवण यायची ती शनिवारी खिशात खडे भरून यायची. ज्यांना इथला भात सोडवत नव्हता ती सकाळपासून तीन वेळा संडासला जाऊन यायची आणि काट्यावर श्वास धरून उभी राहायची, श्वास धरला की वजन कमी भरतं अशा समजुतीने. माझं काम खिसे उलटे करणं आणि काट्याचा आकडा वाचणं. मिसबाई बाजूच्या मेजावर लिहायच्या.

त्या वर्षी उन्हाळ्यात सोसलेच्या बाजूने दोन बहिणी आल्या. थोरली आठ वर्षांची, धाकटी चारची. आई नव्हती, बाप कॉफीच्या मळ्यावर गेला तो परतला नव्हता, काकाच्या दारात वाढत होत्या म्हणजे वाळत होत्या. धाकटी आली तेव्हा मी तिला एका हाताने उचललं आणि मला रडू आलं. ती कुणाच्याही हातून खात नव्हती. माझ्या नाही, मावशीच्या नाही, मिसबाईंच्या तर नाहीच. ओठ मिटून बसायची. थोरली समोर मांडी घालून बसली, एक घास आधी स्वतः खाल्ला आणि दुसरा पुढे केला, की तेवढ्यासाठी धाकटीचं तोंड उघडायचं. असा एक घास हिला, एक तिला. साहजिकच थोरली भराभर भरली. धाकटी मुंगीच्या पावलाने.

दोन महिन्यांत थोरली रेघेच्या वर गेली. पहिला शनिवार, दुसरा शनिवार. दुसऱ्या शनिवारनंतर मावशी माझ्याकडे आली.

"मोठं पोर खात नाही," ती म्हणाली. "तोंडात घास घालून दाखवतंय, मग हळूच काढून तांब्यामागे ठेवतंय. बुधवारपासून बघतोय मी. पापा, बिचारं उगा वाळून जाईल."

मी थोरलीला मागल्या पायरीवर घेऊन बसले आणि माझ्या मोडक्या कानडीत विचारलं. तिने माझ्याकडे, लहान पोराला समजवावं तसं, बघितलं. "मी खाल्लं की जड होणार. जड झाले की मला पाठवणार. मग हिला कोण भरवणार, टीचर?"

मी मिसबाईंकडे गेले. म्हटलं, धाकटी बरी होईपर्यंत थोरलीला राहू द्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाहेरच्या यादीचा कागद माझ्यापुढे ठेवला. "यातलं कुठलं नाव खाली सरकवू, ते तू सांग," त्या म्हणाल्या. मी कागद परत त्यांच्या मेजावर ठेवला. त्यांचं बरोबर होतं, आणि जो माणूस बरोबर असतो त्याचा मला लहानपणापासून राग येतो.

शुक्रवारी मी थोरलीला सांगितलं, तू पोटभर जेव, काट्याचं मी बघते. शनिवारी ती फळीवर चढली. मी चप्पल बाजूला काढली, साडीच्या निऱ्या पुढे ओढल्या आणि उजव्या पायाचा अंगठा फळीखाली घालून वर रेटला. दांडा खाली आला. रेघेच्या खाली आकडा. मी तो मोठ्याने वाचला आणि मिसबाईंनी लिहिला. खोट्या तराजूबद्दल शास्त्रात काय म्हटलंय ते मला रविवारच्या शाळेपासून पाठ होतं. तो सगळा दिवस ते माझ्या कानात वाजत होतं.

पण करायला गेले एक आणि झालं भलतंच. पोर घरी जायचं टळलं, तर ते आजारी ठरलं. मिसबाई काळजीत पडल्या. थोरलीला रोज एक जास्तीचं अंडं सुरू झालं. मग माशाचं तेल. मग जंताचं औषध. अंडं ती धाकटीला घालायची, तेल मावशी तुळशीला घालायची, आणि जंताचं औषध मात्र बिचारीला घ्यावंच लागलं कारण मिसबाई समोर उभ्या राहायच्या. इकडे ती भात, आमटीसारखं सारू आणि नाचणीचे गोळे चापून गोलमटोल होत चालली आणि कार्डावर दर शनिवारी खंगत चालली. माझा अंगठा काळानिळा पडला होता.

शेवटी जयलक्ष्मीपुरमहून डॉक्टर आणले. त्यांनी कार्ड बघितलं, पोरीचे गाल बघितले, पुन्हा कार्ड बघितलं. डोळे मिटून थोडा वेळ विचार केला आणि पोरीच्या बाजूने निकाल न देता कार्डाच्या बाजूने दिला. "हे गाल नाहीत, ही सूज आहे," ते म्हणाले. मीठ बंद.

"अय्यो, सूज?" मावशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. "मग मलाबी सूजच आहे म्हणायची, वीस वर्षं झाली." थोरली अळणी सारूची वाटी घेऊन माझ्यासमोर बसायची आणि माझ्याकडे बघत ती संपवायची. त्या नजरेपुढे मला नाही नाही ते व्हायचं.

घरचं झालं थोडं, तर मी मंडळीला दरमहा जे पत्र लिहायचे त्यात ही एक मुलगी वाढत नाही असं लिहून बसले होते. लिहायला दुसरं काही नव्हतं म्हणून. उलट टपाली पंचांचं पत्र आलं की दर शुक्रवारी सगळी मंडळी तिच्यासाठी उपास करत आहे, म्हाताऱ्यांसकट. म्हणजे म्हैसुरात एक गुटगुटीत पोर दोनदा भात मागून घेत होती आणि तिचं वजन वाढावं म्हणून नगर जिल्ह्यात पन्नास माणसं उपाशी बसत होती. सगळं माझ्या एका अंगठ्यामुळे. मला हसू यायचं आणि लगेच स्वतःची लाज वाटायची.

नवव्या शनिवारनंतर अंगठा पिकला. चप्पल घालवेना. मिसबाईंनी स्वतः धुऊन पट्टी बांधली, काय लागलं ते विचारलं, मी उंबऱ्याला ठेच म्हटलं. पुढच्या शनिवारी त्यांनी मला खुर्चीत बसवून माझ्या हातात कार्डं दिली आणि काट्यापाशी त्या उभ्या राहिल्या.

थोरली फळीवर चढली. दांडा वर गेला तो गेलाच. मिसबाईंनी वजन सरकवलं, आणखी सरकवलं. मग वाकून फळीखालची फट बघितली. मग माझ्या पायाची पट्टी.

"किती आठवडे?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"आकडा लिही," त्या म्हणाल्या, आणि खरा आकडा सांगितला. संध्याकाळी त्या माझ्या खाटेपाशी आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मलाही ती पोर आवडते," त्या म्हणाल्या. "पण दारावरच्या एका बाईला मी नऊ वेळा सांगितलंय, पुढच्या शनिवारी ये."

तीन शनिवारांची वाट बघायची आता गरज नव्हती. सोमवार ठरला. मंडळीला मी कळवलं की मुलीचं वजन एका आठवड्यात चार किलोंनी वाढलं. ते पत्र भर उपासनेत वाचलं गेलं, लोकांनी उठून साक्षी दिल्या, आणि आमच्या गावात आजही तो चमत्कार म्हणून सांगतात. मी कधी दुरुस्त केला नाही.

रविवारी थोरलीने मला शिकवायला घेतलं. मला धाकटीसमोर मांडी घालून बसवलं. घास एवढाच घ्यायचा. आधी आपण खायचा, आणि खरंच खायचा, नुसता दाखवायचा नाही, तिला कळतं. मग दुसरा करायचा आणि तिच्याकडे बघायचं नाही, भिंतीकडे बघायचं. मी भिंतीकडे बघितलं. "इतकं नाही," ती म्हणाली. सबंध दुपार ती माझा हात धरून घासाचं माप ठीक करत होती, आणि धाकटी ओठ मिटून बसून होती.

सोमवारी सकाळी गाडी आली. थोरली नवा झगा घालून, पावडरचा डबा पोटाशी धरून मागे बसली. ती रडली नाही. मी रडले. दुपारी तिच्या खाटेवर दारावरच्या बाईचं पोर आलं. ते इतकं हलकं होतं की काट्याचा दांडा हलेना, मिसबाईंना सरकतं वजन पार पहिल्या खुणेपर्यंत मागे आणावं लागलं. नऊ आठवड्यांपूर्वी ते किती भरलं असतं, हे मला कुणी विचारलं नाही. मी स्वतःला विचारलं, अजूनही विचारते.

धाकटीने सोमवारी काही खाल्लं नाही. मंगळवारीही नाही. मावशीने तिला मांडीवर घेतलं, गोष्टी सांगितल्या, गुळाचा खडा ओठांवर फिरवला. ओठ मिटलेलेच. गेल्या दोन महिन्यांत अंड्यांवर चढलेलं सगळं उतरायला दोन दिवस पुरेसे होते, हे मला हातात धरल्यावर कळत होतं.

बुधवारी मी पुन्हा तिच्यासमोर मांडी घातली. एक घास खाल्ला, खरंच खाल्ला. दुसरा केला आणि थोडंसंच भिंतीकडे बघितलं. मग तिने विचारलं. ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"टीचर, अक्काला तिकडे खायला देत नाहीत ना?"

मी भिंत सोडून तिच्याकडे बघितलं.

"मग ती बारीक होईल," ती म्हणाली. "बारीक झाली की तिला परत इथे आणाल ना?"

माझा हात तसाच पुढे होता. त्यातला भात गार होत होता. मी हो म्हणाले. होईल ती बारीक, म्हणाले, आणू तिला.

तिने तोंड उघडलं.