वाळकाच्या बियांची स्मशानयात्रा

आमच्या आईला जाऊन दीड वर्ष झाल्यावर मी तिला पुन्हा एकदा स्मशानात पोचवलं.

म्हणजे तिला नव्हे, तिच्या वाळकाच्या बियांना. पण अक्काच्या मते यात काही फरक नाही, आणि तो दिवस आठवला की मलाही तो फरक सापडत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, आणि आवाजानं ऐंशी! नवरा गेल्यावर ती माहेरी आली, आणि हातकणंगल्याजवळचं आमचं दोन एकर रान तेव्हापासून तिच्याच जिवावर चाललंय. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. निरोप समारंभात सगळे म्हणाले, "सरांनी मुलांच्या आयुष्यात रंग भरले." (असं सगळ्यांनाच म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नाही.) तेवढ्यावर भरवसा ठेवून मी रानात 'शिवारशाळा' काढली. दर शनिवारी कोल्हापुरातल्या एखाद्या शाळेची पोरं येतात. म्हशीची धार काढतात, चिखल तुडवतात, बैल घडवतात, गेरू-चुन्यानं चित्रं रंगवतात. कामाची वाटणी सरळ होती. म्हैस, चिखल, भाकरी आणि पोरांचे हातपाय धुणं अक्काकडे. भाषण माझ्याकडे.

माझं सगळ्यात गाजलेलं भाषण 'बियाणं जपा' या विषयावरचं. त्यासाठी मी स्वतः मोठा तक्ता रंगवला होता. जुन्या बायका ओल्या शेणात वाळकाच्या, दोडक्याच्या बिया दाबून त्याची शेणी, म्हणजे गोवरी, भिंतीवर कशी थापतात, कीड कशी लागत नाही, पाऊस आला की शेणी फोडून बी कसं टोकतात, सगळं चित्रात! तो तक्ता मी घरामागच्या परड्यातल्या भिंतीवर टांगला होता. आणि त्याच्या बरोबर खाली खऱ्याखुऱ्या सात शेणी थापलेल्या होत्या.

त्या सातात आमच्या आईचं वाळूक, म्हणजे गावरान काकडी, होतं. गगनबावड्याकडच्या तिच्या माहेराहून आलेलं वाण. जाड, पिवळसर, आंबूस, आणि मीठ-चटणी लावून खाल्लं की डोळे आपोआप मिटणारं. आईनं ते जन्मभर राखलं. ती गेली आणि पुढच्याच पावसाळ्यात वेल कुजले. एकच वाळूक हाताला लागलं. अक्कानं ते खाल्लं नाही, कुणाला खाऊ दिलं नाही. त्याच्या बिया सात शेणींत दाबल्या आणि आई करायची तसा प्रत्येकीच्या मधोमध अंगठ्यानं खळगा पाडला. आईचं असं म्हणावं ते एवढंच मागं उरलं होतं.

होळीच्या आधी अक्का लेकीच्या बाळंतपणाला वारणानगरला गेली. जाताना तिनं मला तीन गोष्टी बजावल्या.

"आप्पा, म्हशीला येळंवर पाणी दाव. कुत्र्याला भाकरी टाक. आणि परड्यातल्या भितीला हात लावू नगंस!"

तिसरी गोष्ट मला अपमानाची वाटली. मागच्या वर्षी मी त्या भिंतीवर नक्षी काढली होती आणि अक्कानं दुसऱ्या दिवशी ती शेणानं सारवली होती. मला वाटलं, ही माझ्या कलेबद्दलच बोलतेय. मी तोंड फिरवून "बरं" म्हणालो.

तिसऱ्या दिवशी शनिवार, आणि सहावीची एकोणचाळीस पोरं हजर. आमच्या कोल्हापुरात होळी लहान करतात आणि वाचलेल्या शेणी स्मशानाला दान देतात, कारण तिथं दहन शेणींवरच होतं. मी भाषण ठोकलं. "मुलांनो, कुणाच्या तरी शेवटच्या प्रवासाला आपण उपयोगी पडणार!" पोरं गंभीर झाली. मला चेव आला. "आणि नुसती शेणी का द्यायची? चित्र काढून देऊ! जाणाऱ्यालाही थोडा रंग नको का?"

खोपीतल्या ढिगातल्या चांगल्या गोल शेणी पोरांनी निवडल्या. तेहतीस भरल्या. पोरं एकोणचाळीस आणि चाळिसावा मी, म्हणजे सात कमी पडल्या.

"सर, भिंतीवर सात आहेत!" एक मुलगी ओरडली.

मोजून सात! मला तर त्यात देवाचा हात दिसला. (मी हात लावला नाही, पोरांनी काढल्या. हा मुद्दा मी पुढं अक्कासमोर मांडून पाहिला. परत मांडणार नाही.)

पोरांनी मोर काढले, मासे काढले, एकानं क्रिकेटची बॅट काढली. मी माझा तीस वर्षांचा हातखंडा विषय घेतला, 'रंकाळ्यावरचा सूर्यास्त'. नीळ, गेरू, हळद सगळं वापरलं. माझ्या शेणीच्या मधोमध आयता एक खळगा होता, तिथं सूर्य बसवला. काय बसला होता! संध्याकाळी शाळेच्या गाडीतून सगळ्या शेणी नदीकाठच्या स्मशानात पोचत्या झाल्या, आणि मी समाधानानं झोपलो.

होळीनंतर दोन दिवसांनी अक्का आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी परड्यात गेली.

"आप्पा, शेणी कुठं हायत?"

"दान केल्या."

"कुठल्या?"

"सगळ्या. अक्का, मुलांनी इतकी सुंदर..."

"भितीवरच्या?"

मी वर पाहिलं. माझा तक्ता वाऱ्यावर हलत होता. 'बियाणं जपा.' खाली सात गोल डाग. त्यांत काय होतं, ते मला तेव्हा कुठं आठवलं.

अक्का ओरडेल, या तयारीनं मी डोळे मिटले. ती ओरडलीच नाही. खाली बसली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "आईला दुसऱ्यांदा न्हेऊन जाळलास व्हय रं?"

साठ वर्षांत अक्का माझ्यासमोर अशी रडलेली मला आठवत नाही. मी गाडी काढली. ती मागं बसली, पण एरवी खांद्यावर ठेवते तो हात तिनं ठेवला नाही. हातकणंगल्यापासून कोल्हापूरपर्यंत एक अक्षर बोलली नाही. खड्ड्यांतसुद्धा नाही!

स्मशानात एक दहन चालू होतं. तिथं काम करणारे म्हातारे मामा लगबगीत होते. त्यांनी आमच्याकडं पाहून हात जोडले.

"बॉडी मागनं येतीया काय, पावणं?"

"बॉडी नाही मामा. शेणी परत न्यायच्या आहेत."

मामा माझ्याकडं बघतच राहिले. "हितलं परत कोण न्हेत न्हाय वो," एवढंच म्हणाले, कोठीकडं बोट दाखवलं आणि कामाला गेले.

कोठीत छतापर्यंत शेणी! सगळ्या कोल्हापुराचं दान. आम्ही दोघं उपसायला लागलो. एकेक उचलायची, उलटी-पालटी करायची, ठेवायची. तासाभरानं आम्ही नखशिखांत राखुंडीच्या रंगाचे झालो. अक्काच्या डोळ्यांतून पाण्याच्या दोन रेघा गालावर उतरल्या होत्या. दहनाला आलेला एक गृहस्थ दारात थांबला.

"रडू नगा, मावशी. कोण गेलं?"

"आईच्या हातचं शेवटचं होतं वो!" अक्कानं हुंदका दिला.

"आरारा! वय काय होतं?"

"एकच हंगाम," मी पटकन म्हणालो.

त्यानं वर बघून कपाळाला हात लावला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याला खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. हसूही आलं नाही. समोर जळत होतं, आणि बहीण शेणीच्या ढिगात गुडघ्यावर बसली होती, आणि ते सगळं माझ्यामुळं होतं.

तेवढ्यात मामा मोकळे होऊन आले. मी विचारलं, "मामा, चित्रं काढलेल्या शेणी होत्या हो..."

"आत्ता गं बया! त्या व्हय तुमच्या? मग हितं काय उकरालायसा? पयलं इचारायचं न्हाई? अवो, एकानं वर मोर बघितला आणि माझ्याशी भांडायला उठला, 'आमच्या बाला नाचवत पाठवतायसा व्हय!' मग मी त्या सगळ्या बाजूला काढल्या. जाळायला जीवबी झाला न्हाय. ल्हान पोरांचा हात लागलाय त्येला."

आम्ही त्यांच्या खोलीमागं गेलो. भिंतीला टेकवून, उन्हात, ओळीनं मांडलेल्या शेणी! मोर, मासे, बॅट. मामांनी सगळ्या पुसूनसुद्धा ठेवल्या होत्या. अक्कानं ओळीवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. चुन्याच्या खाली खळगा लागला की ती "हाय!" म्हणायची. सहा वेळा म्हणाली. ओळ संपली.

"एक कमी हाय," अक्का म्हणाली.

मला कळलं. सूर्य कुठं बसवला होता ते आठवलं.

"मामा," मी घसा खाकरून विचारलं, "निळी-पिवळी एक होती. रंकाळा... म्हणजे, पाणी. आणि सूर्य."

"ती व्हय? ती गेली की! तिच्यावर कायतरी सांडल्यालं होतं. ती पयलीच घातली."

मी नदीकडं बघत राहिलो. अक्कानं मात्र हळूच विचारलं, "कुणाला घातली?"

"होळीदिवशी एक म्हातारी आलती. मागं कोण न्हवतं. चौघांनी आणली, ठेवली आणि गेली. मीच अग्नी दिला."

अक्कानं पदरानं तोंड पुसलं.

"मग असू दे. आईच्याच वयाची असंल. तिला कुणाचंतरी कायतरी मिळालं."

निघताना मामा घुटमळले. मोराची शेणी त्यांच्या हातातच होती. तीसुद्धा सहातलीच एक. मी हात पुढं केला, तो अक्कानं खाली दाबला.

"ती तुम्हाला ठेवा, मामा. पाऊस लागला की फोडा आणि ह्या भितीकडंला टोका. आईचं वाळूक हाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला द्या."

परतताना अक्कानं खांद्यावर हात ठेवला. पाच शेणी मांडीवर धरून ती बसली होती, आणि मला वाटलं, मिटलं सगळं. हातकणंगल्याचा फाटा आला तशी ती माझ्या कानाशी वाकली.

"आप्पा, मामाला दिली ती मी दिली. तिचं न्हाय मला काय. पण तीस वर्सं चित्रकला शिकवलास. एक तरी चित्र बरं काढलं असतंस, तर ती शेणी वाचली असती की रं!"