डायची पूजा

कोटाला लावायचे रंगीत बिल्ले बनवणं हा काही धंदा नव्हे, असं आमच्या बाबांचं ठाम मत होतं. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. जन्मभर फाइल जागची न हलवता पगार घेणं, हा त्यांच्या मते सन्मानाचा उद्योग. दादानं पनवेलला घरामागे पत्र्याची शेड टाकली, तेव्हापासून वर्षभर ते तिच्याकडे पाठ करून चहा पीत. तळोज्याला कारखान्यात कायमची नोकरी मिळते, एवढंच अधूनमधून भिंतीला सांगत.

अशात तळोज्याच्याच एका रसायनांच्या कारखान्यानं पर्यावरण दिनासाठी बिल्ले मागवले. त्यावर एक हिरवंगार पान. हसू नका, ऑर्डर मोठी होती. ती पार पडली तर शेड राहणार, नाहीतर दादा शिफ्टला जाणार, असं घरात ठरलं होतं.

बिल्ल्याचं सगळं नशीब डायमध्ये असतं. डाय म्हणजे पोलादी ठोकळा, त्यावर उलटं कोरलेलं चित्र. प्रेसखाली पितळेचा पत्रा त्यावर दाबला की रेघा वर उठतात. मधल्या खोलगट जागांत मी सुईच्या टोकानं मिन्याचा रंग भरायची, मग दादा ते भट्टीत भाजायचा. डायवर बारीकसा खड्डा असला तरी बिल्ल्यावर फोड येणारच.

डाय आली त्या संध्याकाळी चमत्कार झाला. बाबा चक्क शेडमध्ये आले, धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ.

"नवीन वस्तू आहे, पूजा नको?"

मग काय विचारता! हळद, कुंकू, फुलं, आणि वरून अख्ख्या नारळाचं पाणी. दादा तेलाचा बोळा हातात धरून उभा. पोलादाला पाणी लागलं की काय होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"पुसून घेऊ का?"

"पूजा मोडतोस? सकाळपर्यंत हलवायची नाही."

दादानं बोळा खाली ठेवला. मला त्याचा भयंकर राग आला.

सकाळी फुलं काढली तर खाली तांबडा गंज. घासून गंज गेला, खड्डे राहिले. दुसरी डाय कोरून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून तिच्यावरच काम केलं. मी भरलेल्या प्रत्येक हिरव्या पानातून पितळेच्या पुटकुळ्या डोकावू लागल्या. खरं तर त्या कारखान्याच्या कुंपणाबाहेरची झाडं अगदी अश्शीच दिसत. इतका प्रामाणिक बिल्ला जगात दुसरा झाला नसेल! पण तिथल्या साहेबांना निरोगी पान हवं होतं. सगळा माल परत आला.

दादा तळोज्याला लागला. पहिल्या शिफ्टला निघाला तेव्हा बाबा समाधानानं म्हणाले, "मी तर पूजासुद्धा केली होती. तुझ्या धंद्यातच दम नव्हता."

मी तोंड उघडणार, तोच दादानं मला हाताला धरून फाटकापाशी नेलं.

"सांगू नकोस त्यांना," तो म्हणाला. "एकदाच आले होते गं ते शेडमध्ये."