असिलकान एजे आणि काठोकाठ भरलेला प्याला

बिश्केकच्या आमच्या कचेरीत असिलकान एजे सॉफ्टवेअरच्या चाचण्या सांभाळीत. किर्गिझ भाषेत एजे म्हणजे थोरली ताई. दवाखान्यांत औषधाची मात्रा ठरवणारा आमचा प्रोग्राम काही ठिकाणी संगणकभाषेच्या जुन्या आवृत्तीवर चाले, काही ठिकाणी नव्या आवृत्तीवर; आणि या दोहोंत अहिनकुलाचे वैर. म्हणून एजे चाचणीची साधनेही दोन ठेवीत. त्यांच्या संमतीवाचून प्रोग्राम दवाखान्यात जात नसे.

नवे तरुण प्रमुख एर्मेक यांना हा पसारा वाटला. त्यांनी जुने साधन काढून टाकले, सर्व चाचण्या नव्यावरच चालवल्या आणि चहाच्या वेळी सर्वांदेखत म्हणाले, "एकही चाचणी फसली नाही, एजे. द्या आता संमती."

"फसेल कशी? जुन्या आवृत्तीच्या चाचण्या तुझ्या साधनाला दिसतच नाहीत. त्यातली एकही चालली नाही रे! परीक्षेलाच न बसलेलं पोर नापास कसं होईल?"

"तुमचा जुन्याचा मोह सुटत नाही, एजे."

"आणि तुझी घाई. मात्रा चुकली तर रोगी मरेल, तुझा अहवाल नाही. मी संमती देणार नाही."

एर्मेक यांनी किटली उचलली आणि एजेंचा प्याला काठोकाठ भरला. आमच्याकडे आदरणीयांना चहा अर्धा प्यालाच देतात, पुनःपुन्हा ओतता यावा म्हणून. भरलेल्या प्याल्याचा अर्थ एकच, आता निघा.

एजेंनी थेंबही न सांडता तो त्यांच्यापुढे सरकवला.

"आधी जुनं साधन परत बसव, मग काढ मला. तोवर हा तूच पी. गार होतोय."

त्या दिवशी प्रोग्राम दवाखान्यांत गेला नाही. प्याला मात्र संध्याकाळपर्यंत दोघांच्या मध्ये तसाच भरलेला होता.