फिनिश भाषेतलं ‘ये’

काष्टीच्या मळ्यातल्या शेततळ्यात आज नवा कागद अंथरला. तापलेल्या प्लॅस्टिकच्या वासाबरोबर ती जुनी दुपार आठवली. फिनलंडहून आलेला आमचा लहानगा नातू भरल्या तळ्याच्या काठावर उभा होता. त्या निसरड्या कागदावरून घसरलेला माणूस वर येत नाही. मी मराठीत हाका मारल्या. त्याला खेळ वाटला, तो हसत पुढे सरकला.

"अहो, ओरडू नका," पत्नी कुजबुजली. कोंबड्या दाखवायला तो तिचा पदर ओढत ‘तुले, तुले’ म्हणायचा. त्यावरूनच ती तो शब्द शिकली होती. हात पसरून ती हळूच म्हणाली, "तुले, बाळा." तो वळला आणि तिच्याकडे आला.

तेव्हा मी फक्त त्याची पावलं पाहिली. तिचे पसरलेले हात आज दिसले. ती जाऊन महिना झाला. मी बराच वेळ काठावर उभा होतो. मग स्वतःलाच "तुले" म्हणालो आणि घराकडे वळलो.