वास छान सुटलाय

आमच्या ह्यांची एक सवय होती. घरी आले की चपला काढता काढता म्हणायचे, "वास छान सुटलाय." मग चुलीवर काहीही असो. मला आधी फार बरं वाटायचं. बायकोच्या हातचं असं रोज कौतुक करणारा नवरा आमच्या अख्ख्या परभणीकडे शोधून सापडला नसता.

मग एकदा सुकट करपली. अशी करपली की घरमालकीण बायजाबाई अंगणातून खोकत आली, काय जाळतेस गो म्हणून. तिच्या मागोमाग हे आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "वास छान सुटलाय." बायजाबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी हसण्यावारी नेलं, पण त्या दिवसापासून ह्यांच्या नाकावर लक्ष ठेवायला लागले.

हे म्हणजे भगवान. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेले, पण नोकरी लागली ती तुर्भ्याकडच्या एका कारखान्यात, क्लोरीनच्या प्लांटवर ऑपरेटर म्हणून. जवळच्या बोनकोडे गावात एका खोलीत आमचा संसार. तेव्हा अकरावी-बारावीला व्यावसायिक अभ्यासक्रम नवे नवे निघत होते. पुढे कारखान्यात जाणाऱ्या पोरांना केमिस्ट्री शिकवायला मास्तर हवे होते. ह्यांच्या डोक्यात बसलं, आपण मास्तर व्हायचं. दिवसा बी.एड.चं कॉलेज, रात्रपाळीला प्लांट. झोप कसली न काय! जरा वेळ मिळाला की अंगणात येरझाऱ्या, तोंडाने पाठ चालू, मधेच भिंतीला "बस खाली" म्हणायचे. "तुज्या नवऱ्याला झपाटलाय काय गो?" बायजाबाई विचारायची. त्यांचं बघून माझाही जीव थाऱ्यावर नसायचा, हातातून भांडी पडायची.

प्लांटवरच्या वायूने नाक गेल्याचं त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. भीतीच वाटायची. केमिस्ट्रीच्या मास्तरला वास येत नाही, म्हणजे आंधळ्या शिंप्यासारखंच की!

शेवटी वार्षिक पाठ आला, म्हणजे परीक्षकांसमोर वर्गावर शिकवून दाखवायची परीक्षा. सगळं त्या एका तासावर होतं. पाठ बिघडला की बी.एड. गेलं, वाशीच्या शाळेने कबूल केलेली जागा गेली, आणि हे पुन्हा त्याच प्लांटवर, जन्मभर. आणि विषय नेमका मिळाला तो वासावरून रसायनं ओळखायचा. हे घरी बाटल्या आणायचे. "चल, तुझी परीक्षा घेतो," म्हणत हाताने वारा घालून वास माझ्याकडे सोडायचे. मी सांगायचे, ही मुतारी, हे बाटलीतलं लोणचं, हे सडकं अंडं. "हुशार आहेस," म्हणायचे आणि बाटल्यांचा क्रम पाठ करायचे. मला रडू यायचं आणि रागही यायचा. अरे माणसा, एकदा सांग की!

पाठाच्या दिवशी संध्याकाळी ह्यांच्या आधी सुचित्रा आली, त्यांच्याबरोबर बी.एड. करणारी. दारातच तिने सगळं ओकून टाकलं. मुलांनी ओळखायच्या म्हणून बाटल्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. ह्यांनी क्रमाने मांडून ठेवल्या होत्या, पण शिपायाने टेबल पुसताना त्या इकडच्या तिकडे केल्या. नमुना दाखवायला ह्यांनी पहिली बाटली उघडली, हुंगल्यासारखं केलं आणि सांगितलं, हा अमोनिया. पुढच्या बाकावरून आवाज आला, सर, हा तर व्हिनेगर. वर्ग हसला. मागे बसलेल्या परीक्षक बाईंनी मान वर केली.

ह्यांनी बाटलीला बूच लावलं. मग म्हणाले, "मला वास येत नाही. प्लांटवर क्लोरीनची गळती कुठेय ते आम्ही नाकाने शोधायचो. मास्क होता, पण घामाने नकोसा व्हायचा म्हणून गळ्यात लटकायचा. आम्हाला कुणी शिकवलं नाही. तुम्ही उद्या प्लांटवर जाल, म्हणून मी शिकवतो."

उरलेला तास तेच शिकवलं. मास्क कसा बांधायचा, क्लोरीन जड म्हणून खाली बसतो, पळायचं तर उंचावर आणि वारा येतो त्या बाजूला. पाठासाठी लिहून नेलेल्या टाचणातलं एक अक्षर झालं नाही. बाई वहीत काहीतरी खरडून निघून गेल्या.

पुढे हे पास झाले, जेमतेम का होईना, आणि मास्तरही झाले. पण तेव्हा ते कुणाला ठाऊक? आणि खरं सांगू, त्या संध्याकाळी मला निकालाचं काहीच पडलं नव्हतं. माझं डोकं तडकलं होतं. वर्गभर परक्या पोरांना सांगितलं, आणि घरची बायको? सुचित्रा गेल्यावर मी बोंबलाचं कालवण आदळआपट करत चुलीवर ठेवलं. ठरवलं, आज ह्यांनी ते वाक्य म्हटलं तर पातेलं अंगणात ओतायचं.

हे आले. चपला काढल्या. मी पातेल्याला फडकं लावून तयारच होते. पण ते उंबऱ्यातच उभे राहिले.

"अरुणा, आज काय केलंयस?"

मला एकदम रडू फुटलं. फडकं तोंडाला लावून मी म्हणाले, "बोंबील." ते जवळ येऊन बसले आणि विचारलं, वास कसा सुटलाय? मी डोळे पुसले आणि त्यांना सांगत बसले. लसूण जरा जास्तच लाल झालाय, कोकम नुकतंच घातलंय, त्याचा आंबट वास आत्ता कुठे यायला लागलाय.